‘टीम’ मोठी झाली म्हणून कमिशन वाढत नाही

अ‍ॅफिलिएट मार्केटिंग करतो असं कुणी सांगितलं की हल्ली पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “टीम किती जणांची?” रविवारी संध्याकाळच्या झूम मीटिंगमध्ये कोट घातलेले ‘सर’ हेच विचारतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘घरबसल्या कमाई, सिरियस असाल तरच मेसेज करा’ असं पाठवणारा मावसभाऊही हेच विचारतो. जणू टीम नसेल तर धंदाच नाही. हे इतकं सर्रास झालंय की एकदा मुळापासून बघायलाच हवं.

गैरसमज: अ‍ॅफिलिएट मार्केटिंग एकट्याने होत नाही. पाच जण जोडा, त्यांना प्रत्येकी पाच जोडू द्या. मग कमिशन आपोआप येत राहतं.

वस्तुस्थिती: आधी कमिशन कशाचं मिळतं ते बघा. अ‍ॅमेझॉनने १९९६ साली आपला असोसिएट्स कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून मूळ व्यवहार तोच आहे. तुमच्या लिंकवरून गिऱ्हाईक दुकानात आलं, त्याने वस्तू घेतली, तर विक्रीतला ठरलेला टक्का तुमचा. अ‍ॅमेझॉन इंडियाची अशी एखादी लिंक उघडून तिचं शेपूट वाचा. ‘टॅग’ या शब्दापुढे बरोबरचं चिन्ह, मग कुणाचा तरी आयडी आणि शेवटी ‘-२१’ दिसेल. तो आयडी म्हणजे कमिशनचा धनी. क्लिक केल्यापासून २४ तास ही नोंद टिकते. तेवढ्यात वस्तू कार्टमध्ये गेली तर ऑर्डर देण्यासाठी साधारण ९० दिवसांची मुभा असते. मध्ये गिऱ्हाइकाने दुसऱ्या कुणाच्या लिंकवर क्लिक केलं, तर सहसा श्रेय शेवटच्या लिंकला जातं.

आता यात टीम घालून बघा. सोसायटीच्या ग्रुपवर पाच जणांनी एकाच मिक्सरची लिंक टाकली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मिक्सर घेतला. मिक्सर एकच विकला गेला, कमिशनही एकालाच मिळालं. बाकीचे चार जण फक्त काकूंच्या डोक्याला ताप. बरं, टीममधल्यांनीच आपापल्या लिंकवरून खरेदी करावी म्हटलं, तर स्वतःच्या खरेदीवर अ‍ॅमेझॉन कमिशन देत नाही. म्हणजे माणसं वाढली म्हणून पैसा वाढत नाही. टीमबाहेरचं गिऱ्हाईक वाढलं तरच वाढतो.

मग झूमवरचे सर कशाबद्दल बोलत असतात? तिथे विकायची वस्तू बहुतेक वेळा एक ‘कोर्स’ असते. काही हजार रुपये भरून तो घ्यायचा आणि मग तोच दुसऱ्याला विकायचा. कोर्समध्ये काय शिकवतात? कोर्स कसा विकायचा, हे. घेणारा प्रत्येक जण उद्याचा विकणारा असतो आणि शिकण्यापुरता तो घेणारं बाहेरचं गिऱ्हाईक जवळपास नसतंच. खालच्यांनी भरलेल्या पैशातला वाटा वरच्याला जातो आणि त्याला ‘अ‍ॅफिलिएट कमिशन’ असं गोंडस नाव मिळतं.

पाचाला पाच जोडण्याचं गणित तर चौथीतल्या मुलालाही करता येईल. ५, २५, १२५, ६२५... अकराव्या पायरीला ४ कोटी ८८ लाख नवी माणसं लागतात आणि बाराव्या पायरीला २४ कोटी ४१ लाख. २०११ च्या जनगणनेनुसार अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख, तीही तान्ह्या बाळांसकट. त्यामुळे साखळी कुठेतरी तुटणारच आणि तुटते तेव्हा सगळ्यात खालच्या थरातली माणसं कोरडी राहतात. खालचा थर नेहमीच सगळ्यात मोठा असतो, हे सांगायला सर विसरतात.

“पण हे कायदेशीर आहे, कंपनी रजिस्टर्ड आहे,” असं यावर हमखास ऐकवलं जातं. कंपनीची नोंदणी आणि योजनेची वैधता या वेगळ्या गोष्टी आहेत. बक्षीस चिट आणि पैसा-फिरवणूक योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ पासून देशात आहे. अशी योजना चालवणं किंवा तिचा प्रसार करणं हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या थेट विक्रीच्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना स्पष्ट मनाई केली आहे. नवे सभासद भरती झाल्यामुळे किंवा त्यांच्या कामगिरीमुळे वरच्याला लाभ मिळवून देणारी बहुस्तरीय साखळी, अशा आशयाची व्याख्या त्यात आहे. “मी तर फक्त माहिती फॉरवर्ड केली” हा बचाव वाटतो तितका भक्कम नाही.

न्यायाने सांगायचं तर काही प्रामाणिक कार्यक्रमांतही नवा अ‍ॅफिलिएट आणून दिल्याबद्दल थोडी रक्कम मिळते. फरक ओळखायची रीत सोपी आहे. भरतीचा पैसा बाजूला काढा. तरी विक्री शिल्लक राहते का? राहत असेल तर तो व्यापार.

याचा अर्थ टीम नकोच, असा मात्र नाही. ब्रायन लॅम या पत्रकाराने २०११ मध्ये ‘वायरकटर’ हे वस्तूंची शिफारस करून अ‍ॅफिलिएट कमिशनवर चालणारं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा पसारा अगदी लहान होता. पुढे वस्तू तासन्‌तास वापरून बघणारे, तुलना करणारे आणि लिहिणारे लोक जमले. २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते सुमारे ३ कोटी डॉलरना विकत घेतलं. ब्रिटनमध्ये मार्टिन लुइस यांनी २००३ साली शंभर पौंडांत ‘मनीसेव्हिंगएक्स्पर्ट’ ही वेबसाइट करून घेतली आणि २०१२ मध्ये ती ८ कोटी ७० लाख पौंडांपर्यंतच्या किमतीला विकली गेली. तिथली कामाची वाटणी बघण्यासारखी आहे. कोणतं क्रेडिट कार्ड किंवा कोणती योजना चांगली, हे संपादकीय विभाग ठरवतो. तिच्यासाठी पैसे देणारी लिंक मिळते का, हे नंतर वेगळेच लोक बघतात. म्हणजे कमिशनच्या मोहाने सल्ला वाकू नये, यासाठी तिथे टीम आहे. या दोन्ही ठिकाणी कुणी कुणाच्या ‘खाली’ पैसे भरून आलं नव्हतं. कामाला माणसं लागली, म्हणून घेतली आणि कामाचे पैसे दिले.

तेव्हा एकट्याने सुरुवात करण्यात कमीपणा काहीच नाही. प्रेशर कुकरवर किंवा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांवर नीट लिहिणारा एक माणूस पुरतो. महिन्यामागून महिने कमिशन येऊ लागलं आणि एखादं काम, मग ते व्हिडिओचं एडिटिंग असेल नाहीतर जुन्या किमती आणि बंद पडलेल्या लिंका तपासणं, तुंबू लागलं, की त्या कामापुरता माणूस घ्यावा. उत्पन्नाआधी टीम उभी करणं म्हणजे फक्त खर्च उभा करणं.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

*“एकट्याने केलं की सगळा पैसा आपला.”* जाहिरात, होस्टिंग, सॉफ्टवेअर, कर हे सगळं वजा केल्यावर उरतो तो आपला.

*“खातं उघडलं की झालं.”* अ‍ॅमेझॉनवर १८० दिवसांत किमान तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं.

*“एकदा लिंक लावली की जन्मभराचं उत्पन्न.”* एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरवरचा दर ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, एकटे आणि टीमवाले, दोघेही सारखेच पोळले.

*“मित्रामित्रांत लेखी कशाला?”* खातं आणि पॅन एकाच्याच नावावर असतं, त्यामुळे वाटा लिहून ठेवा आणि प्रत्येकाला वेगळा ट्रॅकिंग आयडी द्या, कोणाच्या लिंकने किती विकलं यावर वाद उरत नाही.

*“कमिशन मिळतं हे वाचकाला सांगायची गरज नाही.”* आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे हितसंबंध उघड करावे लागतात आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पुढच्या वेळी कुणी टीमचं आमंत्रण दिलं तर त्याची गाडी, हॉटेलातले फोटो, स्क्रीनशॉट यांत अडकू नका. एवढंच विचारा: “गेल्या महिन्यात टीमबाहेरच्या किती लोकांनी तुमच्याकडून काही विकत घेतलं?” उत्तर आकड्यात आलं तर पुढे जरूर बोला. “तुमचा माइंडसेट निगेटिव्ह आहे” असं आलं तर मीटिंग सोडा आणि पैसे खिशातच ठेवा.