संगणकावरील मेंदूचा व्यायाम कितपत उपयुक्त?

चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, ओळखीच्या माणसाचे नाव ऐनवेळी ओठांवर येत नाही, असे होऊ लागले की साठी ओलांडलेल्यांच्या मनात स्मृतिभ्रंशाची शंका डोकावते. सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईत तरुणपणी बिऱ्हाड थाटणारी पिढी आज याच वयात आहे. महापालिकेच्या विरंगुळा केंद्रांत जमणाऱ्या ज्येष्ठांच्या हातीही आता मोबाइल आला आहे आणि 'स्मरणशक्ती वाढवा' असे सांगणारे खेळ त्यावर सहज मिळतात. काहींसाठी पैसेही मोजावे लागतात. या खेळांनी मेंदू खरोखर तल्लख राहतो का?

याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेत १९९८ साली 'अ‍ॅक्टिव्ह' हा अभ्यास सुरू झाला. ६५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या २,८३२ जणांचे चार गट करण्यात आले. एका गटाला स्मरणाच्या युक्त्या, दुसऱ्याला तर्क, तर तिसऱ्याला संगणकावर आकलनाचा वेग वाढवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. चौथ्या गटाला कोणतेच प्रशिक्षण नव्हते. पाच-सहा आठवड्यांत सुमारे तासाभराची दहा सत्रे झाली.

वेगाच्या व्यायामात पडद्याच्या मध्यभागी क्षणभर एक वाहन दिसते आणि त्याच वेळी कडेला दुसरे चित्र चमकते. वाहन कोणते आणि कडेचे चित्र कुठे होते, हे दोन्ही सांगायचे. उत्तरे बरोबर येऊ लागली की चित्र दिसण्याचा अवधी कमी होतो.

प्रत्येक गट जे शिकला, त्यातच सुधारला. म्हणजे शब्दकोडी सोडवणारा शब्दकोड्यांत तरबेज होतो; त्यामुळे त्याला बाजाराची यादी पाठ राहीलच असे नाही. मात्र २०२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या निष्कर्षांत एक अपवाद दिसला. वेगाच्या प्रशिक्षणानंतर उजळणीची सत्रेही घेतलेल्यांपैकी ४० टक्के जणांना स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. प्रशिक्षण न घेतलेल्यांत हे प्रमाण ४९ टक्के होते. उजळणी न करणाऱ्यांना आणि अन्य दोन गटांना असा लाभ झाला नाही.

हा निष्कर्ष एका विशिष्ट व्यायामापुरता आहे. तो बाजारातील प्रत्येक खेळाला लागू होत नाही. 'ल्युमोसिटी' या खेळांच्या कंपनीने पुराव्याविना दावे केल्याच्या आरोपावरून २०१६ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरले होते.

खेळ आवडत असेल तर जरूर खेळावा; परंतु त्यासाठी सकाळचा फेरफटका चुकवू नये. रक्तदाब, मधुमेह, कमी झालेली श्रवणशक्ती आणि एकटेपणा यांकडे लक्ष देणे मेंदूच्या आरोग्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे. विसराळूपणा वाढतच असेल तर आधी डॉक्टरांना गाठावे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा नैराश्य हेही त्याचे कारण असू शकते आणि त्यांवर उपचार आहेत. खेळाच्या भरवशावर ती तपासणी लांबणे, हाच यातला खरा धोका.