विमानाचा कारखाना आणि त्याची शाळा

जे यंत्र चालविणारा मनुष्यच मुलखात नाही, ते यंत्र विकत घेणार कोण, हा प्रश्न १९१० साली इंग्लंडातील ब्रिस्टल येथे ट्राम कंपनीच्या शेडांत विमानाचा कारखाना थाटणाऱ्या सर जॉर्ज व्हाइट यांच्यापुढे होता; आणि त्यांनी तो, ब्रुकलँड्स व लार्कहिल येथे कारखान्याच्याच वैमानिक-शाळा काढून, व्यवहारचतुर रीतीने सोडविला.

या शाळांतील ‘बॉक्सकाइट’ म्हणजे फ्रान्सच्या फार्मन विमानाच्या धर्तीवर लाकूड, तारा व कापड यांनी बांधलेले, एकावर एक दोन पंखांचे, पन्नास अश्वशक्तीच्या इंजिनाचे उघडे यंत्र. शिक्षकाच्या मागे बसलेल्या विद्यार्थ्याने त्याच्या खांद्यावरून हात पुढे घालून नियंत्रणाचा दांडा धरावयाचा, आणि वारा पडलेला असेल अशा पहाटे वा सायंकाळीच आकाशात जावयाचे, असा तेथील शिरस्ता होता.

जानेवारी १९११ मध्ये हेच विमान निजामाच्या अमलाखालील औरंगाबादेस, दख्खनच्या घोडदळाच्या कवायतींसाठी आले. कंपनीचा वैमानिक आंरी ज्यूलरो याच्यासोबत कॅप्टन सेफ्टन ब्रँकर हा निरीक्षक म्हणून वर गेला आणि जी टेहळणी तोवर स्वारांकडे होती, ती त्याने आकाशातून केली.

पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभापर्यंत ब्रिटनमध्ये दिल्या गेलेल्या ६६४ वैमानिक-प्रमाणपत्रांपैकी ३०८ या कंपनीच्या शाळांतील विद्यार्थ्यांनी मिळविली. परंतु प्रमाणपत्र देण्याचा अधिकार कंपनीचा नव्हे, रॉयल एरो क्लबचा होता. आठच्या आकड्याप्रमाणे वळणे घेऊन, इंजिन बंद करून ठरलेल्या खुणेजवळ उतरण्याची परीक्षा विद्यार्थ्यास क्लबच्या नियमांप्रमाणे द्यावी लागे. विक्रेता आणि परीक्षक एकच असता, तर त्या दाखल्यावर फौजेने वा प्रवाशाने विश्वास का ठेवावा?

आज नागपुरात सोनेगावच्या विमानतळाशी फ्लाइंग क्लबचे नाव जोडलेले आहे आणि शेजारच्या मिहान या उद्योगक्षेत्रात विमानांचे भाग घडविणारा कारखानाही आहे. परंतु शाळा कारखान्याची बटीक नाही व कारखान्याला शाळेची गरज नाही. वैमानिकाचा परवाना मात्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. शाळा आणि कारखाना यांची सोयरीक केवळ बाजारपेठ उभी राहीपर्यंतची होती. तिऱ्हाइताने घेतलेली परीक्षा ही मात्र त्या युगाची टिकून राहिलेली देणगी होय.