रीलमधले इटालियन ग्लोव्हज अन् पाटोद्याची बाईक

डिसेंबरच्या सकाळी पाटोद्याहून मांजरसुंब्यामार्गे बीडचं कॉलेज गाठणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. घाट उतरेपर्यंत बोटं क्लचवर आहेत की नाहीत, हेच कळत नाही. अशात मोबाईलवर रील येतं. तपकिरी रंगाचे, बोटांच्या सांध्यांवर गोल भोकं असलेले इटालियन लेदरचे ड्रायव्हिंग ग्लोव्हज. दिसतात भारीच! पण ऑर्डर टाकण्याआधी जरा थांबा.

हे मोजे मुळात कारसाठी. सुरुवातीच्या गाड्या उघड्या, थंडीत स्टिअरिंग धरायचं कसं? म्हणून हातमोजे, आणि ते ठेवायला डॅशबोर्डातला कप्पा. आज आपण त्यात आरसी बुक अन् चार्जर कोंबतो, नाव मात्र अजून ग्लोव्ह बॉक्सच.

इटलीत हे काम नेपल्सचं. तिथल्या सानिता भागात बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून मोजे शिवत आल्या. खरं कसब कापणाऱ्याचं. तो कातडं ओलसर करून टेबलावर हाताने ओढतो. लांबीतला ताण आधीच काढून टाकतो, रुंदीतला राखतो. म्हणून मूठ वळली की मोजा हाताबरोबर ताणतो, पण बोटं लोंबत नाहीत. दोन बोटांच्या मध्ये वेगळी अरुंद पट्टी. शिवण बाहेरून, म्हणजे आत टोचत नाही. अस्तर बहुतेकदा नसतंच, कारण स्टिअरिंग हाताला जाणवायला हवं. कातडं अनेकदा लोकरीऐवजी नुसते केस असणाऱ्या मेंढीचं, पातळ आणि चिवट. आपल्या धनगरांची दख्खनी मेंढी लोकरीची. तसलं कातडं सहसा सैल पडतं.

अशा जोडीला शंभर युरो, म्हणजे दहा हजार रुपये सहज जातात. मग तीनशेत मिळतं ते काय? बहुधा कापडावर चढवलेलं रेक्झिन. कापलेली कड बघा, धागे दिसले की समजून जा.

आणि अस्सल असले तरी ते बाईकसाठी नाहीत. पडताना आपण तळहात आधी टेकतो. तिथे जाड पॅड हवं, सांध्यांवर कडक कवच हवं, मनगटाला घट्ट पट्टा हवा. नेमक्या सांध्यांवरच भोकं असलेला मोजा काय वाचवणार?

इटालियन म्हटलं की आपले डोळे दिपतात, हे खरं. पण जून 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने ज्या चपला उतरवल्या, त्या थेट आपल्या कोल्हापुरीसारख्या होत्या. कोल्हापुरीला 2019 पासून जीआय आहे, तरी तिचं नाव सुरुवातीला कुठेच नव्हतं. ओरड झाली, मग प्राडाने मान्य केलं.

तेव्हा हेल्मेटच्या दुकानात जा, रायडिंग ग्लोव्हज हातात घालून मूठ वळवून बघा. वर्षभराने शिवण उसवली तर फेकू नका. बाजारात बसणाऱ्या चर्मकार काकांकडे न्या, ते मेणाच्या दोऱ्याने पक्के करून देतील. आणि तिथे दहा रुपयांसाठी घासाघीस नको.