चाळीला पैसा, थांबण्याला नाही

निफाड, चांदवड, येवला, सिन्नर या पट्ट्यात उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो. उपटलेला कांदा त्याच्याच पातीखाली झाकून वावरातच तीन-चार दिवस सुकवायचा, इंचभर मान ठेवून पात कापायची, सावलीत ढीग घालायचा आणि मग निवड करायची. जोड, डेंगळे, चिंगळी बाजूला पडतात. उरलेला एकसारखा, पत्ती धरलेला माल चाळीत जातो. देशाच्या वर्षभराच्या कांद्यापैकी सुमारे ६५ ते ७० टक्के कांदा रब्बीचा असतो आणि नवा लाल कांदा बाजारात येईपर्यंत, म्हणजे जवळपास दिवाळीपर्यंत, देश याच साठ्यावर जेवतो. शहरातल्या ग्राहकाला शीतगृह हीच साठवणूक वाटते. कांद्याचा मोठा साठा मात्र शेतकऱ्याच्या वस्तीवर, बांबू-पाचटाच्या किंवा लोखंडी सांगाड्याच्या चाळीत, नुसत्या वाऱ्यावर टिकतो.

या चाळीचे शास्त्र साधे आहे, पण काटेकोर आहे. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच तळ हवा, म्हणजे खालून हवा खेळते. कप्प्याची रुंदी चार फुटांच्या आसपास आणि थराची उंची पाच फुटांपर्यंत; त्यापेक्षा जास्त भरला तर मधला कांदा गुदमरतो आणि खालचा दबतो. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर, दुपाखी पूर्व-पश्चिम. तापमान २५ ते ३० अंश आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के असेल तर घट आटोक्यात राहते. राजगुरुनगरचे कांदा-लसूण संशोधन संचालनालय आणि नाशिकजवळचे राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान यांनी हे आराखडे वर्षानुवर्षे तपासून दिले आहेत. तरीही जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत काजळी धरते, कांदा सडतो आणि पाऊस सरता सरता कोंब फुटू लागतात. सरकारी अंदाजही २५ ते ३० टक्के घट धरूनच चालतात. यात चाळीचा दोष थोडा. शेवटच्या पाण्याची वेळ चुकली, युरिया उशिरा पडला, काढणीत अवकाळी गाठला, की उत्तम चाळीतही कांदा नासतो.

चाळ बांधायला सरकार पैसा देते. फलोत्पादन अभियानाचा दर बरीच वर्षे ठरलेला होता: टनाला ७ हजार रुपये खर्च धरायचा आणि त्याच्या निम्मे, ३,५०० रुपये, अनुदान द्यायचे. मर्यादा २५ टनांची, म्हणजे जास्तीत जास्त ८७,५०० रुपये. महाडीबीटीवर अर्ज, सात-बारा आणि आठ-अ, सात-बारावर कांद्याची नोंद, सोडतीत नाव, पूर्वसंमती, बांधकाम, मोका तपासणी, बिले आणि शेवटी आधार जोडलेल्या खात्यात रक्कम. क्रम नीट पाहावा. पैसे बांधकामानंतर येतात. आधी लोखंड, पत्रे, सिमेंट आणि गवंडी यांची उधारी शेतकऱ्यानेच भागवायची.

आता दुसरा सरकारी कागद. २०२३ मध्ये राज्याने कांदाचाळ रोजगार हमीच्या कामांत घेतली. तिथे २५ टनांच्या चाळीचा खर्च सुमारे ४ लाख ५८ हजार रुपये धरला गेला. त्यातले सुमारे १ लाख ६० हजार मजुरी आणि साहित्यापोटी योजनेतून, उरलेले जवळपास तीन लाख शेतकऱ्याचे. एका खात्याच्या हिशेबात २५ टनांची चाळ पावणेदोन लाखांत उभी राहते आणि दुसऱ्याच्या हिशेबात तिला साडेचार लाख लागतात. आराखडे तंतोतंत सारखे नसतीलही, पण क्षमता तीच आहे. पहिल्या योजनेतले ‘५० टक्के अनुदान’ दुसऱ्या हिशेबाने मोजले तर ते २० टक्क्यांच्याही खाली येते. निम्मा खर्च सरकार देते हे वाक्य भाषणात ठीक. गवंड्याच्या वहीत ते बसत नाही.

त्यामुळे चाळ कोण बांधतो, हे अर्जाआधीच ठरते. ज्याच्या हातात तीन लाख आहेत किंवा ज्याला सोसायटी नि बँक उभी करते, तो. वाट्याने शेती करणाऱ्याचे नाव सात-बारावर नसते, त्यामुळे तो रांगेतच नाही. केंद्राच्या २०२० च्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे ३ टक्के व्याजसवलत मिळते. योजना चांगली आहे, पण तिचा आधार बँकेचे कर्ज. थकबाकीदार कांदा उत्पादकापाशी ती पोचणार कशी?

समजा, चाळ झाली. पुढचे गणित कागदावर मांडून बघू. एका हेक्टरचा २५० क्विंटल कांदा आहे आणि मे महिन्यात भाव १,२०० रुपये आहे. तेव्हाच विकला तर ३ लाख हातात. सप्टेंबरपर्यंत थांबला आणि ३० टक्के घट झाली, तर १७५ क्विंटल उरतो. तेवढ्यातून ३ लाख यायला भाव १,७१४ हवा. चाळ भरण्याची-फोडण्याची मजुरी, पुन्हा निवड आणि चार महिन्यांचे व्याज धरले तर त्याहून वर. एवढी वाढ काही वर्षी मिळते, काही वर्षी मिळत नाही. म्हणजे साठवणूक हा जुगार आहे आणि त्यात डाव लावण्यासाठी खिशात चार महिने पुरेल इतकी रोकड लागते. मे महिन्यात पीककर्जाचे नवे-जुने, खरिपाचे बियाणे-खत आणि शाळेची फी एकदमच उभी राहते.

धान्याला यातून वाट आहे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. सोयाबीन, तूर, हरभरा किंवा हळद बाजार समितीच्या गोदामात ठेवली की मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. काजू आणि बेदाणाही त्या यादीत आहेत. कांदा नाही. तो नाशवंत, आणि तो असतो वस्तीवरच्या चाळीत. तारण ठेवणार कोणाच्या कुलपात? अडचण खरी आहे. पण ज्या मालाच्या साठवणुकीवर सरकार इतकी वर्षे पैसा घालते, त्याच मालाला साठ्यावर उचल मिळू नये, ही गोष्ट विचित्र खरी. धान्याकडे पैशाचा ओघही मोठा आहे. २०२३ मध्ये केंद्राने सहकारी संस्थांमार्फत ७०० लाख टनांच्या धान्य साठवणुकीची योजना मंजूर केली. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी अकरा राज्यांतल्या पहिल्या अकरा गोदामांचे उद्घाटन झाले, त्यात अमरावती जिल्ह्यातल्या नेरपिंगळाई सोसायटीचे गोदाम होते. कांद्यासाठी सोसायटीच्या मालकीच्या चाळी, तिच्याच कुलपात आणि तिच्याच पावतीवर, अशी कल्पना मात्र कोणी नेटाने पुढे नेली नाही.

विकिरणाचा उल्लेख निघतोच, म्हणून एवढेच: भाभा अणुसंशोधन केंद्राचा लासलगावचा ‘कृषक’ प्रकल्प २००२ पासून आहे. विकिरणाने कोंब थांबतात. सड आणि वजनातली घट त्याने थांबत नाही. त्यासाठी पुढे शीतगृह आणि वीजबिल आलेच.

घट, व्याज, रोकड हे सारे सांभाळूनही शेवटचा फटका दिल्लीहून येतो. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. तो महिना चाळी भरलेल्या असण्याचा आणि भाव वर सरकू लागण्याचा. नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, मग २,४१० रुपये क्विंटलने आणखी दोन लाख टन खरेदीची घोषणा झाली. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली आणि निर्यातशुल्क पूर्ण हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. चाळीला अनुदान देऊन ‘थांबा’ म्हणायचे आणि थांबलेल्याला भाव मिळू लागताच बंदर बंद करायचे, हा उद्योग एकाच सरकारी यंत्रणेचा आहे. त्याला धोरण म्हणायला जीभ रेटत नाही.

त्याच २०२३ साली राज्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, २०० क्विंटलच्या मर्यादेत, दिले. कमाल ७० हजार रुपये. एका हंगामाचे अश्रू पुसायला ७० हजार, आणि पंधरा-वीस वर्षे टिकेल अशा चाळीला ८७,५००. तो लाल कांदा चाळीत टिकणाराच नव्हता, त्यामुळे ती मदत आवश्यक होती, यात वाद नाही. पण दोन आकडे शेजारी ठेवले की सरकारची कुवत नसते, हे कारण उरत नाही.

अधिवेशन आले की आमदार यंदाचे कांदाचाळीचे उद्दिष्ट किती हजार टन, हे विचारतात. आपल्या आमदाराला भेटाल तेव्हा त्यांना त्यापुढचे दोन प्रश्न विचारायला सांगा: अनुदानाचा निम्मा हप्ता चाळीचा पाया भरताना का मिळत नाही, आणि चाळीतल्या कांद्यावर तारण कर्ज कोणत्या हंगामापासून मिळेल?