“आई, आत्ता थांबता येत नाही!”



गेल्या अंकात चकलीची भाजणी सांगणारी मावशी या वेळी एकदम लढाईबद्दल लिहिते आहे, याचे तुम्हाला नवल वाटेल. त्याला कारण आमच्या घरी झालेले एक भांडण.

गेल्या हिवाळ्यात माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. एका शुक्रवारी तिने नातवासाठी हौसेने पिठले-भाकरी केली. गरम भाकरी ताटात पडली, तरी आमचे चिरंजीव संगणकासमोरून हलेनात. तीन हाका झाल्या. प्रत्येक हाकेला एकच उत्तर, “आई, आत्ता थांबता येत नाही!” चौथी हाक न मारता मी गेले आणि इंटरनेटची वायर उपटली.

मला वाटले, चिडेल आणि पाच मिनिटांत विसरेल. तो चिडला नाही. गुपचूप येऊन जेवला, आणि पुढचे दहा दिवस माझ्याशी ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे बोलला नाही. शेवटी आजीनेच त्याला जवळ बसवले. म्हणाली, “मला सांग बघू, त्या दिवशी तुझं नेमकं काय बुडालं?” आजीला इंग्रजीत सांगून उपयोग नव्हता. त्यामुळे सगळे मराठीत समजावणे आले. मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते. त्याने आजीला जे सांगितले, तेच इथे लिहिते आहे. आकडे त्याच्याकडूनच तपासून घेतले आहेत.

खेळ कोणता?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ ब्लिझर्ड कंपनीने २००४ साली आणला. सुरुवातीच्या काळातला तो जुना खेळ ‘क्लासिक’ या नावाने २०१९ पासून पुन्हा खेळता येतो. आमचा मुलगा तोच खेळतो. हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक जगात वावरतात. त्या जगात गुहा आणि किल्ले आहेत, आणि त्यांत राक्षस आहेत. एकट्याने तिथे निभाव लागत नाही. पाच जणांचा गट करून जावे लागते.

या पाच जणांची कामे वाटलेली असतात. तिघे जण शत्रूला मारतात. एक जण जखमा बऱ्या करतो, तो वैद्य. आणि एक जण सर्वांच्या पुढे उभा राहून शत्रूचा मार स्वतःच्या अंगावर घेतो. त्याला खेळात ‘टँक’ म्हणतात. आजीने हे ऐकले आणि म्हणाली, “मग रणगाडा कशाला? हा तर ढालाईत!” ढालाईत म्हणजे ढाल बाळगणारा शिपाई. तेव्हापासून आमच्या घरी हाच शब्द रूढ झाला. क्लासिकमध्ये हे काम बहुधा योद्धा करतो. अस्वलाचे रूप घेणारा ड्रुइड आणि पॅलाडिन यांनाही ते करता येते. आमचा मुलगा योद्धा आहे.

राक्षसाची रागाची वही

“पण राक्षस तुलाच का मारतो? मागच्या अशक्त वैद्याला का नाही मारत?” हा आजीचा पहिला प्रश्न. प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, कारण ढालाईताची सगळी विद्या इथूनच सुरू होते.

असे समजा की प्रत्येक राक्षसाजवळ एक वही आहे. कोणी त्याला किती त्रास दिला, ते तो त्यात लिहीत जातो. जितके मारावे, तितका राग तुमच्या नावावर चढतो. ज्याच्या नावावर सर्वांत जास्त राग, त्याच्यावर राक्षस धावतो. योद्धा बचावाचा पवित्रा घेतो, तेव्हा त्याचा स्वतःचा वार थोडा दुबळा होतो आणि त्याला लागणारा मारही दहा टक्के कमी होतो. मात्र त्याच्या प्रत्येक वाराचा राग वहीत वाढवून लिहिला जातो. त्यामुळे कमी मारूनही त्याचे नाव वर राहते.

राक्षस लगेच मोहरा बदलत नाही. समजा, ढालाईताच्या नावावर १००० राग आहे. राक्षसाच्या अगदी जवळ उभा असलेला गडी ११०० च्या पुढे गेला, तर राक्षस त्याच्याकडे वळतो. लांबून बाण किंवा मंत्र मारणाऱ्याला १३०० पर्यंत सूट असते. म्हणून मारणाऱ्यांनी सुरुवातीला क्षणभर थांबायचे असते. ढालाईताचे चार-पाच वार आधी वहीत चढू द्यायचे.

आता गंमत पाहा. वैद्याने कोणाची जखम बरी केली, तरी राक्षसांना राग येतो! जितके बरे केले, त्याच्या साधारण निम्मा राग वैद्याच्या नावावर लिहिला जातो, आणि तो समोरच्या सर्व राक्षसांत वाटला जातो. समजा चार राक्षस आहेत आणि ढालाईत एकालाच बडवत बसला. बाकी तिघांच्या वह्यांत ढालाईताचे नाव जवळजवळ कोरेच राहते आणि वैद्याचे मात्र चढत जाते. मग ते तिघे थेट वैद्यावर तुटून पडतात. नवे ढालाईत इथेच फसतात. म्हणून प्रत्येक राक्षसाला थोडा थोडा तरी प्रसाद द्यायचा, आणि नजर सतत वैद्याकडे ठेवायची.

एखादा राक्षस निसटलाच, तर योद्ध्याकडे ‘टॉन्ट’ म्हणजे डिवचण्याची युक्ती असते. डिवचले की वहीत सर्वांत वर असलेल्या नावाइतका राग ढालाईताच्या नावावर लागतो आणि राक्षस तीन सेकंद त्याच्याकडेच वळतो. ही युक्ती दर दहा सेकंदांनी एकदाच करता येते. म्हणून ती उगीच वापरून टाकायची नाही. काही मोठे राक्षस तर डिवचण्याला बधतच नाहीत. तिथे वहीतले नाव मेहनतीनेच वर ठेवावे लागते.

मार कमी कसा करायचा?

चिलखत जितके जाड, तितका शस्त्राचा मार कमी. पण त्यालाही मर्यादा आहे. चिलखताने फार तर ७५ टक्के मार कमी होतो. आग, विष आणि मंत्र यांच्यापुढे चिलखताचा उपयोग नाही. त्यासाठी आगीपासून वाचवणारी औषधे आधीच जवळ ठेवावी लागतात.

दुसरी गोष्ट, पाठ दाखवायची नाही. ढाल समोरून आलेला वार अडवते, पाठीवरचा नाही. पळत सुटलेला ढालाईत उभ्या ढालाईतापेक्षा जास्त मार खातो. म्हणून मागे सरायचेच असेल, तर तोंड शत्रूकडे ठेवून सरायचे.

तिसरी गोष्ट, लढाई सुरू करण्यापूर्वी पाहून घ्यायचे. वैद्याची मंत्रशक्ती भरलेली आहे का? गस्त घालणारा राक्षस वाटेवर येतो आहे का? आधी कोणाला मारायचे? ज्याला आधी मारायचे, त्याच्या डोक्यावर कवटीची खूण करतात. जादूगार एखाद्या राक्षसाचे काही वेळ मेंढरू करून ठेवू शकतो. मात्र त्या मेंढराला चुकून कोणी फटका मारला, तर ते पुन्हा राक्षस होते. लांबून मंत्र मारणारे शत्रू जवळ येत नसतील, तर ढालाईत कोपऱ्याआड जातो. तो दिसेनासा झाला की त्यांना चालत यावेच लागते, आणि सगळे एका जागी गोळा होतात.

हे ऐकून आजी म्हणाली, “म्हणजे खिंड लढवायची!” तिने मग नातवाला घोडखिंडीची गोष्ट सांगितली. १६६० साली बाजीप्रभूंनी मोठ्या फौजेला अरुंद जागेत अडवून धरले, शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत. शत्रू कितीही असले, तरी खिंडीत एका वेळी थोडेच पुढे येऊ शकतात. नातवाला ही गोष्ट आपल्या वर्गात सांगितलेली होती. कळली मात्र त्या दिवशी.

राखून ठेवायच्या दोन गोष्टी

कठीण लढाईत योद्ध्याजवळ दोन हुकमी उपाय असतात. पहिला ‘शील्ड वॉल’, म्हणजे ढालीची भिंत. दहा सेकंद सगळा मार ७५ टक्के कमी होतो, पण पुन्हा वापरायला अर्धा तास थांबावे लागते. दुसरा ‘लास्ट स्टँड’. त्याने वीस सेकंदांसाठी प्राणशक्ती ३० टक्क्यांनी वाढते, आणि तो दहा मिनिटांनी पुन्हा मिळतो. वीस सेकंद संपले की वाढवलेली शक्ती निघून जाते. तेवढ्या वेळात वैद्याने सावरून घेतले, तरच त्याचा फायदा.

नवशिके इथे दोन प्रकारे चुकतात. काही जण घाबरून दोन्ही उपाय एकदमच वापरतात आणि पुढच्या मिनिटाला रिकाम्या हाताने उभे राहतात. काही जण “पुढे लागेल” म्हणून राखून ठेवतात आणि न वापरताच मरतात. आमच्या मुलाचा नियम असा : प्राण अगदी संपत आल्यावर नव्हे, तर मोठा तडाखा येणार हे दिसताच ढालीची भिंत उभी करायची. वैद्य स्वतः अडचणीत असेल किंवा त्याची शक्ती संपली असेल, तेव्हा लास्ट स्टँड. आणि एक उपाय वापरला की गटाला तसे सांगायचे.

ओनिक्सियाची लढाई

‘ओनिक्सिया’ नावाची एक अजस्र ड्रॅगन मादी आहे. तिच्याशी लढायला चाळीस जणांपर्यंत गट नेता येतो. ती तोंडातून आग ओकते, म्हणून तिच्यासमोर ढालाईताखेरीज कोणी उभे राहायचे नाही. शेपटीकडेही जायचे नाही, कारण तिची शेपटी माणसाला दूर भिरकावते आणि तिथे अंड्यांतून पिले बाहेर पडतात. बाकी सर्वांची जागा तिच्या दोन्ही कुशींना. ढालाईत आपली पाठ भिंतीला लावून उभा राहतो, म्हणजे तिच्या पंखांच्या तडाख्याने तो लांब फेकला जात नाही.

तिची शक्ती ६५ टक्क्यांवर आली की ती उडते, आणि ४० टक्क्यांवर पुन्हा खाली उतरते. उतरल्यावर तिला परत भिंतीकडे नेऊन तिचे तोंड लोकांपासून वळवायचे काम ढालाईताचे. तोवर इतरांनी हात आवरायचा. यानंतर ती अशी डरकाळी फोडते की सगळे भिऊन सैरावैरा पळतात. ढालाईतही पळाला, तर ती दुसऱ्या कोणाकडे वळते आणि आग सगळ्या गटावर येते. एका माणसाची जागा चुकली, तर चाळीस जणांची संध्याकाळ वाया!

मग त्या शुक्रवारी काय झाले?

आता पालकांच्या लक्षात आले असेल. हा खेळ मध्येच थांबवता येत नाही. समोर चौघे दुसऱ्या घरांतून खेळत असतात. मी वायर उपटली, तेव्हा ढालाईत जागच्या जागी दगडासारखा उभा राहिला. ढाल वर नाही, वार नाही. आधी तो मेला, मग वैद्य, मग बाकीचे तिघे. मेलेला परत येतो खरा, पण भूत होऊन प्रेतापर्यंत पळत यावे लागते, आणि प्रत्येक मरणाला चिलखत दहा टक्के झिजते. आमचा मुलगा तर परत आलाच नाही. पुढच्या आठवड्यात त्या चौघांनी दुसरा ढालाईत घेतला.

“त्यांना वाटलं, मी पळून गेलो,” तो आजीला म्हणाला. त्याला मेल्याचे दुःख नव्हतेच.

मी ओट्यापाशी उभी होते. पुढे जाऊन “चुकले” म्हणाले. मग तोही म्हणाला, “पण मी जेवायची वेळ विचारायला हवी होती.” तेही खरेच होते. आजी दीड तास चुलीशी होती, आणि ताटावर ती एकटीच वाट पाहत बसली होती. तिचाही एक गटच होता की!

आता आमच्या घरी ठरले आहे ते असे. गुहेत शिरण्यापूर्वी त्याने विचारायचे, “जेवायला किती वेळ आहे?” तासाभरापेक्षा कमी असेल, तर शिरायचे नाही. शिरला असेल, तर मी ‘बंद कर’ म्हणत नाही, ‘अजून किती राक्षस राहिलेत?’ असे विचारते. शाळेच्या आदल्या रात्री ढालाईत व्हायचे नाही. खेळ तेरा वर्षांवरील मुलांसाठी आहे, आणि खेळायच्या वेळेवर बंधन घालायची सोय कंपनीने पालकांना दिलेली आहे, तीही आम्ही वापरतो. त्या चौघांना त्याने स्वतः पत्र लिहून खरे काय झाले ते कळवले. दोघांनी त्याला पुन्हा बोलावले.

आजी एप्रिलमध्ये सांगलीला परत गेली. दर रविवारी फोन येतो. अभ्यास, सर्दी-खोकला, हवा-पाणी झाले की ती नातवाला विचारते, “काय रे, या आठवड्यात वैद्य जगला का?”

शब्दार्थ

ढालाईत – ढाल बाळगणारा शिपाई
पवित्रा – लढताना उभे राहण्याची रीत
निभाव लागणे – टिकून राहणे
खिंड लढवणे – कठीण जागा एकट्याने किंवा थोड्यांनी धरून ठेवणे

मुलांनो, सांगा पाहू!

१. चार राक्षस आहेत. ढालाईत एकालाच मारतो आहे. बाकीचे तिघे कोणाकडे जातील, आणि का?
२. ढालाईताच्या नावावर २००० राग आहे. लांबून बाण मारणाऱ्याला कितीपर्यंत सूट आहे?
३. तुमच्या घरी ढालाईताचे काम कोण करते? पाच ओळी मराठीत लिहून पुढच्या रविवारी आणा. आई-बाबांना विचारून लिहिले तरी चालेल.