*मळणीचा धुरळा आणि दमा : नुसत्या निळ्या पंपावर विसंबू नका*



सोयाबीनची मळणी सुरू झाली आहे. आज भावाचं नाही, श्वासाचं बोलू. (पंप म्हणजे इथे फवारणीचा नव्हे, दम्याचा इनहेलर.)

गेल्या हंगामात आपले एक सभासद दिवसभर मळणी यंत्रावर होते. रात्री दम लागला. निळा पंप घरात होता, पण दाबला तर रिकामा. शेजाऱ्यांची गाडी दारात होती म्हणून वेळेत दवाखाना गाठता आला. नंतर कळलं, रोजचा पंप त्यांनी महिन्याभरापूर्वीच "आता बरं वाटतंय" म्हणून सोडला होता. चूक तिथे झाली.

*धुरळ्याने दम का लागतो?*
या धुरळ्यात माती, काडीकचरा आणि बुरशीचे बारीक कण असतात. दमा-ॲलर्जी असलेल्याच्या श्वासनळ्या त्याने आतून सुजतात आणि आवळतात. छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, रात्री-पहाटे खोकला वाढतो. कुबट कडबा, भिजलेला भुसा आणि फुलावर आलेलं गाजर गवत यांचाही असाच त्रास होतो.

*दोन पंप, दोन कामं*
🔹 *निळा पंप (साल्ब्युटामॉल):* आवळलेली नळी काही मिनिटांत मोकळी करतो. सूज मात्र तशीच राहते.
🔹 *रोजचा पंप (उदा. ब्युडेसोनाइड):* सूज उतरवतो. फरक हळूहळू पडतो, पण झटके टळतात.

रोजचा पंप म्हणजे बीजप्रक्रिया, निळा पंप म्हणजे रोग आल्यावरची फवारणी. बरं वाटतंय ते रोजच्या पंपामुळेच, म्हणून तो मनाने बंद करू नका. निळा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, डॉक्टरांना दाखवा. काहींना दोन्ही कामांसाठी एकच पंप दिलेला असतो. त्यांनी चिठ्ठीप्रमाणेच घ्यावा.

"पंपाची सवय लागते" हा गैरसमज आहे. निळ्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाच्या ४ मिलिग्रॅमच्या गोळीत ४० पट असतं! पंपातलं औषध थेट छातीत जातं, म्हणून थोडं पुरतं. रोजचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका, म्हणजे तोंड येत नाही.

*मळणीच्या दिवशी*
✅ दमेकऱ्याला यंत्राच्या तोंडाशी उभं करू नका. पोती शिवणं, हिशोब अशी लांबची कामं द्या.
✅ वारा पाठीवर घेऊन उभे राहा.
✅ रुमाल-उपरण्याने बारीक धूळ अडत नाही. एन-९५ मास्क नाकाला घट्ट बसवा.
✅ निळा पंप खिशात ठेवा. त्यात औषध शिल्लक आहे ना, ते आदल्या दिवशीच बघा. ट्रॅक्टरवर उन्हात ठेवू नका.
✅ घरी आल्यावर आधी अंघोळ, कपडे बाहेरच झटका.

*झटका आला तर : चार-चार-चार*
1️⃣ ताठ बसवा, आडवं करू नका. कपडे सैल करा.
2️⃣ निळ्या पंपाचे *४ दाब*, एका वेळी एकच. स्पेसर असेल तर लावा आणि प्रत्येक दाबानंतर ४ श्वास घ्यायला सांगा.
3️⃣ *४ मिनिटं* थांबा. फरक नसेल तर पुन्हा *४ दाब* द्या आणि *१०८* ला फोन करा. मदत येईपर्यंत असंच चालू ठेवा.

🔴 *एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर पडले, बरगड्या आत ओढल्या जातात किंवा गुंगी येते, तर थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा हाती असेल त्या गाडीने मोठ्या दवाखान्यात न्या. वाटेत पंप चालू ठेवा.*

🔴 फवारणीनंतर दम लागला आणि सोबत लाळ, घाम, डोळ्यांत पाणी, उलटी असेल तर ती *विषबाधा* असू शकते. औषधाची बाटली किंवा लेबल घेऊन लगेच दवाखाना गाठा.

*हे टाळा*
❌ "दमा मुळापासून घालवतो" म्हणून मिळणारी बिननावाची पुडी. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. बरेच दिवस घेत असाल तर एकदम सोडू नका, डॉक्टरांना सांगूनच बंद करा.
❌ अंगदुखीची गोळी मनाने घेणं. ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनने काही दमेकऱ्यांना झटका येतो.
❌ सर्दी-ॲलर्जीची झोप आणणारी गोळी घेऊन ट्रॅक्टर किंवा मळणी यंत्र चालवणं.

पंप महाग पडतो म्हणून बंद करू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा.

आज संध्याकाळी एवढंच करा : घरातला पंप काढा, तारीख बघा, भरलेला आहे का ते बघा. ज्यांच्या घरी दमेकरी आहे, त्यांनी हा मेसेज सगळ्यांना वाचून दाखवा. झटका आलेल्या माणसाला तेव्हा बोलता येत नाही. काय करायचं ते शेजारच्याला ठाऊक हवं.

पीक घरी येऊ द्या, आणि ते पिकवणाराही धडधाकट राहू द्या. 🌾

– सभासद सेवा, आपली शेतकरी उत्पादक कंपनी