शाळेतून भरलेलीच परत येणारी बाटली

सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी जवळजवळ तशीच दप्तरातून निघते, हा अनुभव प्राथमिक शाळेत मुले असणाऱ्या बहुतेक घरांच्या परिचयाचा आहे. ‘पाणी का प्यायला नाहीस?’ या प्रश्नाला ‘विसरलो’ हे ठरलेले उत्तर मिळते, आई-वडील रागावतात आणि विषय संपतो. प्रत्यक्षात यांतील पुष्कळ मुले विसरलेली नसतात. पाणी प्यायले की एकीला जावे लागते आणि शाळेच्या स्वच्छतागृहात तर पाऊल टाकायचे नाही, हा हिशेब सहा-सात वर्षांच्या मुलालाही बिनचूक जमतो.

न जाण्याची कारणे मुले सहसा सांगत नाहीत. पण ती क्षुल्लक नसतात. दुर्गंधी, ओली निसरडी फरशी, गेलेला दिवा, न लागणारी किंवा हात न पोहोचणाऱ्या उंचीवरची कडी, वरच्या वर्गांतील मुलांची थट्टा. पहिलीतल्या मुलाला पट्टा आणि हूक स्वतः काढता येत नाहीत. मोठ्यांच्या मापाच्या कमोडवर बसले की पाय लोंबकळतात आणि पोट मोकळे होत नाही. मधल्या सुट्टीच्या थोडक्या मिनिटांत डबा, खेळ आणि रांग यांपैकी रांगेचाच बळी जातो. पुढच्या तासाला करंगळी वर केली, तर ‘आत्ताच सुट्टी झाली ना?’ असे ऐकावे लागते. अर्थात, भरलेल्या वर्गात एका करंगळीला परवानगी दिली की लगेच दहा करंगळ्या वर होतात, ही शिक्षकांची अडचणही खोटी नाही.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने या टाळाटाळीची किंमत मोठी आहे. मुलाच्या वयात एक मिळवून तीसने गुणले, की त्याच्या मूत्राशयाची अंदाजे क्षमता मिलिलिटरमध्ये मिळते. सात वर्षांच्या मुलाची ती २४० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर भरते. या वयात दिवसातून चार ते सात वेळा लघवी होणे स्वाभाविक मानले जाते. त्यामुळे पाच-सहा तासांच्या शाळेत एकदाही न जाणारे मूल एकतर तहानलेले असते किंवा लघवी रोखून धरत असते. रोज स्नायू आवळून धरण्याची सवय लागली की पुढे ते हवे तेव्हाही पुरते सैल होत नाहीत. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्याने त्यांना जंतुसंसर्गाचा धोका अधिक. ताप आणणारा असा संसर्ग वारंवार झाला, तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात. शौच रोखण्याचेही तसेच आहे. कडक झालेला मळ मूत्राशयावर दाब देतो आणि मुलाची चड्डी दिवसा थेंब-थेंब ओली होऊ लागते. घरी त्याला ‘घाणेरडी सवय’ म्हणून मार बसतो. खरे तर त्याला बद्धकोष्ठावरच्या उपचाराची गरज असते.

घरातून पोट साफ करून निघणे हा यावरचा अर्धा उपाय. पण सकाळी सातच्या शाळेने तोच हिरावून घेतला होता. चौथीपर्यंतचे वर्ग नऊनंतर भरवावेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला, तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः झोपेची आणि स्कूल बसच्या वेळापत्रकाची. शौचाचा मुद्दा कोणी फारसा काढला नाही.

कायदा या बाबतीत मागे नाही. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच मुले आणि मुली यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे व पिण्याचे सुरक्षित पाणी बंधनकारक केले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यासाठी राज्यांना सहा महिन्यांची मुदत दिली. २०१४-१५ मध्ये देशभर सरकारी शाळांत बांधकामाची मोठी मोहीमही झाली. मात्र सार्वजनिक उपक्रमांनी या मोहिमेत बांधलेल्या स्वच्छतागृहांची महालेखापरीक्षकांनी नमुना पाहणी केली, तेव्हा ७२ टक्के ठिकाणी वाहते पाणी नव्हते. हा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये संसदेसमोर आला. बांधकाम मोजता येते, उद्घाटनही करता येते. रोजची सफाई कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. शहरांतील भरमसाट शुल्क घेणाऱ्या शाळाही प्रवेशाच्या वेळी संगणक कक्ष दाखवतात, स्वच्छतागृह नव्हे.

याच दुर्लक्षित जागेने दोनदा देश हादरवला. सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्राममधील एका शाळेच्या स्वच्छतागृहात दुसरीतल्या मुलाची हत्या झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत, बालवर्गातील दोन मुलींवर स्वच्छतागृहात लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली. आरोपी पुरुष सफाई कर्मचारी होता. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांची सक्ती केली. कॅमेरा आवश्यक आहे. पण तो दाराबाहेरच थांबतो आणि थांबलाच पाहिजे. आत मुलाला मदत लागते ती माणसाची. लहान मुलांना नेणारी मावशी कोण, तिच्या गैरहजेरीत कोण, बाहेरून आलेला प्लंबर वा कंत्राटी कामगार कोणाच्या सोबतीने आत जातो, मोठ्या आणि लहान वर्गांची स्वच्छतागृहे वेगळी आहेत का, हे प्रश्न पालकसभेत क्वचितच विचारले जातात. सहलीच्या वर्गणीवर मात्र तासभर वाद रंगतो.

घरी मुलाने ‘शूच्या जागी दुखतं’ असे सांगितले, तर ते कमी पाण्याने होणारी जळजळ असू शकते, जंतुसंसर्ग असू शकतो किंवा अत्याचाराची खूणही असू शकते. यांपैकी काय, हे घरच्यांनी ठरवू नये. मुलाला उलटसुलट प्रश्न विचारून, धमकावून किंवा त्याच्या तोंडी उत्तर घालून काहीच साधत नाही. ते जे सांगेल ते शांतपणे ऐकून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे नेणे योग्य. अत्याचाराची शंका असेल तर पोलिस किंवा १०९८ या मदत क्रमांकावर कळवावे. पोक्सो कायद्यानुसार माहिती असूनही न कळवणे हा गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘शाळेचे नाव जाईल, आपसांत मिटवू’ हा सल्ला त्यामुळे देणाऱ्यालाही महागात पडू शकतो.

एरवी मात्र संध्याकाळच्या चौकशीत एका साध्या प्रश्नाची भर पुरते. ‘आज डबा संपवलास का?’ याच्या जोडीला ‘आज शाळेत एकीला कितीदा गेलास?’ असे सहज विचारावे. उत्तर सलग तीन-चार दिवस ‘एकदाही नाही’ असेच येत असेल, तर शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या परवानगीने ती जागा स्वतः पाहून यावी. शक्यतो मधल्या सुट्टीनंतर, सकाळच्या सफाईनंतर नव्हे.